चार चाकं आणि चिखल: फोर बाय फोरची सव्वाशे वर्षांची गोष्ट

गेल्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. पाटणच्या डोंगरात आमची वाडी आहे. वाडीतून खालच्या डांबरी सडकेला यायला साडेतीन किलोमीटरचा कच्चा रस्ता, मध्ये एक ओढा आणि ओढ्याच्या पलीकडे तांबड्या मातीचा उभा चढ. पाऊस पहाटेपासून लागलेला. माझ्या पिकअपच्या हौद्यात दुधाचे चार कॅन होते. चौदा घरांचं सकाळचं दूध, साधारण दीडशे लिटर. खाली टँकर साडेसातला निघतो. कुणासाठी थांबत नाही.

पिकअप सेकंडहँड होती, पण फोर बाय फोर होती. मागच्या फळीवर तसं मोठं स्टिकरच होतं, आणि खरं सांगायचं तर मी त्या स्टिकरवर भरवसा ठेवूनच पावसाळ्यात दुधाची जबाबदारी घेतली होती.

ओढा पार झाला. चढाच्या मध्यावर मागचं चाक घसरलं. मी घाईघाईत डॅशबोर्डवरचा खटका फिरवून ‘४ हाय’ केलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरपी दोन चाकं गरगर फिरायला लागली, उरलेली दोन ढिम्म. समोर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला दिवा लुकलुकायला लागला, आणि पाय पूर्ण दाबूनही इंजिन जोर धरेना. मग मी खटका ‘४ लो’वर नेला. हिरवा दिवा नुसता मिचमिचत राहिला. त्यासाठी गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये टाकावी लागते हे मला माहीतच नव्हतं. दहा मिनिटांत मागची हौसिंग चिखलावर टेकली.

फोन केल्यावर तात्या आले. माझे चुलते, वय एकाहत्तर, एका सरकारी खात्यातून जीपचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. खांद्यावर खोरं, काखेत दोन बारदानं. आल्या आल्या म्हणाले, “आधी गाडी बंद कर. चाक फिरतंय म्हंजे गाडी चालतीया असं न्हाई. खड्डा खणतंय ते.”

गाडी निघाली, पण तोवर नऊ वाजले होते. टँकर गेला होता. दूध परत वाडीत आणलं. थोड्याचं दही लागलं, थोड्याचा खवा झाला, बाकीचं फुकट गेलं. चौदा घरांचे त्या दिवसाचे पैसे मी भरले. कुणी मागितले नव्हते. मागितले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री ग्लव्हबॉक्समधलं, अजून प्लॅस्टिकमध्येच असलेलं मॅन्युअल मी पहिल्यांदा उघडलं. त्यातली बटणं समजून घेता घेता मागे मागे जात राहिलो, आणि लक्षात आलं की त्या डॅशबोर्डवरचं प्रत्येक बटण म्हणजे कुठेतरी कुणीतरी चिखलात रुतल्याची नोंद आहे.

दोष डिफरन्शिअलचा, आणि गुणही त्याचाच

गोष्ट बैलगाडीपासून सुरू करू. बैलगाडीची दोन्ही चाकं आखावर सुटी फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी, आणि दोघं आपापल्या गतीने फिरून मोकळी होतात. गाडी बैल ओढतात, चाकांचं काम फक्त गडगडत जाण्याचं. त्यामुळे चाकाला ताकद कशी द्यायची हा प्रश्नच बैलगाडीत येत नाही.

इंजिन आलं आणि प्रश्न उभा राहिला. इंजिनाला चाकच फिरवावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली तर वळताना एक फरफटत जाणार. यावर ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची एक जुळणी काढली. तीच डिफरन्शिअल. ट्रकच्या मागच्या आखाच्या मध्यभागी जो गोल लोखंडी गोळा दिसतो, त्यात ती बसलेली असते.

डिफरन्शिअलचा नियम साधा आहे. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचं, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दोघांना सारखाच द्यायचा. डांबरी रस्त्यावर हा न्याय उत्तम चालतो. चिखलात तोच अंगाशी येतो. चिखलातलं चाक फिरवायला जोर लागतोच किती? जवळपास शून्य. मग सारखेपणाच्या नियमाने कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, जवळपास शून्य जोर मिळतो. फिरणारं चाक सगळी ताकद खाऊन टाकतं असं आपण म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. खरं असं की सगळ्यांत कमजोर चाकाला जेवढं पेलतं, तेवढंच दुसऱ्याला मिळतं.

आता माझ्या पिकअपकडे पाहा. पुढे एक डिफरन्शिअल, मागे एक. पुढचं एक चाक आणि मागचं एक चाक घसरलं की दोन्ही आख निकामी. फोर बाय फोर असूनही गाडी जागच्या जागी. मी फसलो होतो तो नेमका असाच.

पुढच्या चाकांना ताकद द्यायची कशी?

चारही चाकांना ताकद द्यावी ही कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या ब्रामा जोसेफ डिप्लॉक या अभियंत्याने १८९३ साली वाफेवर चालणाऱ्या, अवजड ओझी ओढणाऱ्या इंजिनासाठी तसं पेटंट घेतलं. १९०० साली तरुण फर्डिनांड पोर्शेने चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटारी बसवल्या. चार चाकं, चार मोटारी. ना डिफरन्शिअल, ना शाफ्ट. आजच्या इलेक्ट्रिक गाड्यांची आठवण यावी अशी कल्पना, पण शिशाच्या बॅटऱ्यांच्या वजनाने ती गाडी तेव्हाच दबून गेली. १९०३ साली नेदरलँड्समधल्या स्पायकर बंधूंनी पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना ताकद देणारी शर्यतीची मोटार बांधली. ती आजही द हेगच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

अडचण एकाच ठिकाणी होती. पुढची चाकं वळतात. जे चाक डावी-उजवीकडे वळतं, त्यालाच फिरता दांडा जोडायचा, तोही रोजच्या धक्क्यांत न तुटता आणि चिखल आत न शिरता, हे अवघड होतं.

टिकाऊ उत्तर आलं ते मोठ्या शहरातून नव्हे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल नावाच्या छोट्या गावातून. ऑटो झाकाऊ आणि विल्यम बेसेरडिक हे मेहुणे-मेहुणे तिथे यंत्रदुरुस्तीचं दुकान चालवत. असं सांगतात की झाकाऊची मोटार रस्ता सोडून मऊ जमिनीत उतरली आणि काही केल्या पुढे जाईना. शेवटी त्याने रिव्हर्स टाकला आणि गाडी निघाली. त्याच्या डोक्यात आलं, ताकदीचं चाक पुढे असलं तर ते गाडीला ओढून काढतं, मागे असलं तर ढकलत बसतं. मग दोन्ही का नकोत? ही गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, १९०८ साली त्यांनी वळणाऱ्या चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या सांध्याचं पेटंट मिळवलं हे पक्कं आहे. गॅरेजमध्ये आपण ज्याला ‘क्रॉस’ म्हणतो तसा तो सांधा त्यांनी गोल वाटीत बंद करून टाकला. त्यातून एफडब्ल्यूडी ही ट्रकची कंपनी उभी राहिली.

१९१३ साली त्याच राज्यातल्या केनोशा गावातून जेफरी क्वाड हा दुसरा ट्रक आला. त्याची चारही चाकं ताकद घेत आणि चारही वळत. १९१६ साली अमेरिकी सैन्य मेक्सिकोच्या वाळवंटात शिरलं तेव्हा हे ट्रक सोबत होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात, जिथे घोडे पोटापर्यंत रुतत होते, तिथे हे दोन्ही ट्रक हजारोंनी गेले.

युद्ध संपल्यावर सैन्याकडे उरलेले हजारो ट्रक अमेरिकेतल्या राज्यांच्या रस्ते विभागांना देण्यात आले. रस्ता नसलेल्या जागी जाण्यासाठी बांधलेली वाहनं रस्ते बांधायला लागली. हा तपशील वाचला तेव्हा मी बराच वेळ त्यावर थांबलो होतो. का, ते पुढे सांगतो.

एकोणपन्नास दिवसांची मुदत

जुलै १९४०. युरोपात जर्मन फौजांनी फ्रान्स घेतला होता. अमेरिकी सैन्याने शंभराहून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवली: हलकी, टेहळणीसाठीची, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी, पहिला नमुना एकोणपन्नास दिवसांत. इतकी घाई पाहून बहुतेकांनी नाद सोडला. बँटम या जवळजवळ बुडीत गेलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावलं. त्याने काही दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास असताना, नमुना सैन्याच्या तळावर पोचला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनाही कामात घेतलं गेलं. बार्नी रूस यांनी घडवलेलं विलीजचं साठ हॉर्सपॉवरचं इंजिन सरस ठरलं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या.

जीपच्या गिअरबॉक्सला लागून एक छोटी पेटी होती, ट्रान्सफर केस. आजच्या पिकअपमधल्या त्या खटक्यामागे हीच पेटी असते. तिची कामं दोन.

पहिलं काम, ताकद पुढच्या आणि मागच्या आखात वाटणं. जीपमध्ये ही वाटणी कडक होती. दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले जात, मध्ये डिफरन्शिअल नव्हतं. बऱ्याच पिकअपमध्ये आजही तसंच असतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. चिखलात हा फरक चाकं थोडी घसरून भरून काढतात. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो ताण शाफ्ट आणि दात्यांवर चढत जातो. स्टिअरिंग जड होतं, टायर झिजतात, लिव्हर अडकून बसतो. तात्या सांगतात की असा लिव्हर अडकला की ते जीप जरा मागे घ्यायचे, पीळ सुटायचा आणि लिव्हर निघायचा. थोडक्यात, अशा गाडीचं ‘४ हाय’ डांबरावर शान मारायला नसतं.

दुसरं काम ‘लो’चं. जीपच्या लो गिअरमध्ये चाकांची गती जवळपास निम्मी होई आणि जोर जवळपास दुप्पट. पण इथे एक गैरसमज होतो, माझाही झाला होता. जास्त जोर म्हणजे जास्त पकड नव्हे. पकड टायर आणि जमीन यांच्यात असते, इंजिनात नसते. लो गिअर मिळतो तो सावकाश जाण्यासाठी. चाक न घसरता इंच-इंच सरकावं आणि उतारावर ब्रेकवर उभं न राहता इंजिनाच्या आधाराने उतरावं, यासाठी.

माझगाव ते वडाप

युद्धकाळात के. सी. महिंद्रा अमेरिकेत भारतासाठीच्या खरेदीचं काम पाहत होते. तिथे त्यांची बार्नी रूस यांच्याशी भेट झाली. १९४५ साली त्यांनी भाऊ जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. सुट्या भागांच्या पेट्या समुद्रमार्गे मुंबईत येत आणि माझगावात त्यांची जोडणी होई. १९४९ साली तिथून पहिली विलीज जीप बाहेर पडली.

जीप महाराष्ट्राच्या गावागावांत पोचली ती सरकारी गाडी म्हणून. तहसीलदार, बीडीओ, पोलीस, जंगलखातं, निवडणुकीचा कर्णा. लिलावात निघालेल्या जीप पुढे खाजगी हातांत आल्या. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ज्याला वडाप म्हणतात, तो धंदा बराचसा जीप आणि तिच्या लांब भावंडांवरच उभा राहिला. त्यातल्या कितीतरी गाड्या मात्र दोनच चाकांना ताकद देणाऱ्या होत्या. दिसायला जीप, पण पुढचा आख नुसता सोबतीला. स्वस्त पडायच्या, डिझेल कमी खायच्या. चढावर चाक घसरलं की ड्रायव्हर ओरडायचा आणि माणसं उतरून ढकलायची. म्हणजे चारही चाकांचं काम प्रवासीच करत.

तात्यांची खात्याची जीप मात्र खरी फोर बाय फोर होती. वीस-बावीस वर्षांत त्यांनी आमच्या वाडीच्या रस्त्याची पाहणी करायला किती साहेब आणले, याची मोजदाद नाही. फीत लागायची, खुंट्या ठोकल्या जायच्या, चहा व्हायचा. रस्ता व्हायचा नाही. क्लिंटनव्हिलच्या ट्रकांनी पुढे रस्ते बांधले, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा तात्या जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमचा साहेब भर पावसात बी वाडीत पोचायचा. लिव्हर टाकला की जीप वर. चिखल चाकाला लागायचा, साहेबाला न्हाई. मग त्येला रस्ता न्हाई हे कळायचं कसं?”

शेतकऱ्याचा ट्रक, वाळवंटातला रणगाडा

पिकअपला चारही चाकांची ताकद मिळाली तीही युद्धातूनच. डॉजने सैन्यासाठी बांधलेला ट्रक १९४६ साली ‘पॉवर वॅगन’ या नावाने शेतकऱ्यांसमोर आणला. पुढे विंच, मागे हौदा, आणि इंजिनाची ताकद घेऊन शेतीची यंत्रं फिरवण्याची सोय. १९४७ साली विलीजनेही फोर बाय फोर ट्रक काढला. ब्रिटनमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर सैन्याची एक जुनी जीप होती. तिच्यावरून त्यांना सुचलेली लँड रोव्हर १९४८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात उभी राहिली. पोलादाची टंचाई असल्याने तिचं अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं होतं. जपानमध्ये टोयोटाने १९५१ साली जीपसारखीच गाडी बांधून ती फुजी पर्वतावर सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली. पुढे तिचंच नाव लँड क्रूझर झालं. टोयोटाच्या हायलक्स पिकअपला १९७९ साली फोर बाय फोर मिळालं.

या साध्या पिकअपनी एका युद्धाला आपलं नाव दिलं. १९८७ साली आफ्रिकेतल्या चाडमध्ये लिबियाच्या फौजा रणगाडे घेऊन बसल्या होत्या. चाडकडे होत्या टोयोटाच्या पिकअप, हौद्यात मशिनगन आणि फ्रान्सने दिलेली मिलान क्षेपणास्त्रं. २ जानेवारीला फादा इथे या हलक्या गाड्यांनी वाळूतून चहूबाजूंनी धाव घेतली आणि लिबियाचे नव्वदहून अधिक रणगाडे निकामी केले. इतिहासात या युद्धाला ‘टोयोटा युद्ध’ म्हणतात. शेतमाल वाहणारी गाडी आणि माणसं मारणारी गाडी यांच्यात फरक हौद्यात काय भरलंय एवढाच. हे वाचल्यावर पिकअपच्या जाहिरातींतली ती उडणारी वाळू पाहणं पूर्वीसारखं सोपं राहत नाही.

पिकअपची स्वतःची एक अडचणही आहे. इंजिन पुढे, हौदा मागे. हौदा रिकामा असला की मागचा भाग हलका, आणि ताकद नेमकी मागच्याच चाकांना. ओल्या रस्त्यावर रिकामी पिकअप वळणात मागून सुटते ती म्हणून. वजन चाकाला जमिनीवर दाबून धरतं, त्यातून पकड येते. माझ्या हौद्यात त्या सकाळी कॅनचं पावणेदोनशे किलो तरी वजन होतं. दोन चाकांवर तो चढ मध्यापर्यंत तरी चढलो, त्याचं थोडं श्रेय दुधालाही द्यायला हवं.

लॉक, ब्रेक आणि संगणक

पुढच्या दशकांतली बहुतेक खटपट डिफरन्शिअलच्या त्या समान वाटणीवर उपाय शोधण्याची आहे.

एक उपाय सरळ: गरज पडली की डिफरन्शिअल जखडूनच टाका. दोन्ही चाकं एकत्र फिरतील, एक हवेत असलं तरी दुसरं आपलं काम करेल. हा डिफ लॉक. १९७९ च्या मर्सिडीज जी-वॅगनमध्ये चालकाला असे लॉक हाताशी होते. मात्र जखडलेला आख वळायला तयार नसतो, म्हणून बऱ्याच पिकअपमध्ये हे बटण फक्त ‘४ लो’मध्येच चालतं. दुसरा उपाय मधला: लिमिटेड स्लिप. आतल्या घर्षणामुळे एक चाक फार पळायला लागलं की दुसऱ्यालाही थोडा जोर जातो. अमेरिकेत पॅकार्डने १९५६ साली तो मोटारीत आणला.

आणखी एक वाट होती, चारही चाकांना कायम ताकद देण्याची. ट्रॅक्टरमुळे शेतकऱ्यांना ठाऊक असलेले हॅरी फर्ग्युसन आयुष्याच्या उत्तरार्धात यामागे लागले होते. त्यांच्या मृत्यूनंतर १९६६ साली आलेल्या जेन्सन एफएफ मोटारीत त्यांची पद्धत होती, आणि सोबत चाक न जखडणारे ब्रेकही. १९८० साली ऑडी क्वाट्रोने हीच कल्पना रॅलीच्या रस्त्यांवर गाजवली. दोन आखांच्या मध्येही डिफरन्शिअल असल्याने या गाड्या कोरड्या डांबरावर बिनधास्त चालतात.

मग आली इलेक्ट्रॉनिक्स. १९७८ साली बॉशची एबीएस मर्सिडीजमध्ये बसली. प्रत्येक चाकाची गती मोजणारे सेन्सर आणि प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा धरू शकणारा संगणक एकदा गाडीत आल्यावर पुढची पायरी जवळच होती. एखादं चाक गरगरायला लागलं की संगणक तेवढ्याच चाकाचा ब्रेक धरतो. आता डिफरन्शिअलचा नियम आठवा: दोघांना सारखा जोर. ब्रेक धरलेलं चाक फिरवायला जोर लागतो, आणि तेवढाच जोर पलीकडच्या, जमिनीवर घट्ट उभ्या असलेल्या चाकाला आपोआप मिळतो. पेकरच्या ज्या नियमाने गाडी रुतत होती, त्याच नियमाने ती बाहेर निघते. या सगळ्या इतिहासातली ही युक्ती मला सगळ्यांत जास्त आवडते.

पण ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोरही कमी करतो. ओल्या डांबरावर त्यामुळे जीव वाचतो. खोल चिखलात, जिथे चाक थोडं फिरून खालच्या कडक थरापर्यंत पोचायला हवं असतं, तिथे तोच आडवा येतो. म्हणून तो बंद करायचं बटण असतं. माझ्या समोर लुकलुकणारा दिवा हेच सांगत होता, आणि मी पाय अजून दाबत होतो.

एक गोष्ट मात्र यातलं कुठलंच बटण करत नाही. फोर बाय फोरने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. चिखलातून दिमाखात निघालेली गाडी पुढच्या उतारावर घसरते ती चालकाच्या डोक्यात हे बटण भलत्या जागी लागल्यामुळे.

आधी लाव, मग उतर

त्या सकाळी तात्यांनी काय केलं, ते आता मला नीट कळतं. त्यांनी आधी चारही टायरांची हवा कमी केली, म्हणजे टायर पसरून जमिनीला जास्त लागतो. हौसिंगखालचा चिखल खोऱ्याने ओढून काढला, म्हणजे वजन परत चाकांवर आलं. बारदानं त्यांनी चाकांच्या पुढे नव्हे, मागे टाकली. मला म्हणाले, “वर जायचा हट्ट सोड. आलास तसा मागं जा.” न्यूट्रलमध्ये टाकून ‘४ लो’, मागचा लॉक, रिव्हर्स, आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावलाय न लावलाय असा. गाडी आपल्याच चाकोरीतून दोन हात मागे सरकली आणि सुटली. झाकाऊची गोष्ट तात्यांनी कधी ऐकली नव्हती. मग ओढ्याकाठच्या सपाटीवरून त्यांनी दुसऱ्या अंगाने, जिथे मुरूम होता तिथून, गाडी एकसारख्या गतीने वर नेली. ना आवाज, ना धूर.

वर आल्यावर मी विचारलं, “तात्या, मीही फोर बाय फोर लावलं होतं की.”

“लावलंस, पर रुतल्यावर लावलंस. चढ दिसला की थांबायचं. उतरून बघायचं माती कसली हाय. आधी लाव, मग उतर ओढ्यात.”

सव्वाशे वर्षांत डिप्लॉकपासून बॉशपर्यंत कुणीही जमिनीत नसलेली पकड निर्माण केलेली नाही. जमीन जेवढी पकड देऊ करते, ती वाया न घालवता चार चाकांत वाटून घ्यायची, एवढंच या यंत्रांना जमतं. जमीन काय देतेय हे बघायला गाडीतून उतरावंच लागतं.

या पावसाळ्यात मी दूध पुन्हा न्यायला लागलो. ओढ्याच्या अलीकडे गाडी उभी करतो, खाली उतरतो, चपलेने माती दाबून बघतो आणि मगच खटका फिरवतो. अजून टँकर चुकलेला नाही. पण त्याच रस्त्याने बाळंतीण जाते, सापाने चावलेला माणूस जातो, आणि वाडीत फोर बाय फोर एकच आहे. गेल्या महिन्यात रस्त्याच्या पाहणीला साहेब येणार म्हणून निरोप आला. त्यांची गाडी खालच्या सडकेपर्यंतच येईल, पुढे तुझी पिकअप घेऊन ये, असं मला सांगितलं.

मी तात्यांना विचारलं, काय करू?

“घिऊन जा की,” तात्या म्हणाले. “फकस्त ओढ्यापाशी थांब, आन् साहेबास्नी बी खाली उतरीव.”